गुलाबी बोंडअळी दहा वर्षांत कशी बदलली?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या बारावीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. घरी सात एकर बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच बनवणारी कपाशी. तो विचारतो, "बाबा म्हणतात अळीला बीटीची सवय झाली. पुस्तकात आहे की उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात. मग अळी दहा वर्षांत कशी बदलली? कुठला जीन बदलायचा हे तिला कळलं कसं? आणि बदलली म्हणता, पण आहे ती अळीच ना? मग याला उत्क्रांती म्हणायचं का?" शेवटी एक ओळ आहे: "बाबा यंदा फरदड ठेवू म्हणतात. ठेवावी का?" (फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी न उपटता आणखी वेच्यांसाठी उभी ठेवणं.)

मी कीटकशास्त्रज्ञ आहे आणि नोकरीची बरीचशी वर्षं कापसावरच्या किडींमध्ये गेली आहेत. हे चार प्रश्न मला एकाच प्रश्नाच्या चार बाजू वाटतात. मूळ अडचण 'सवय' या शब्दात आहे. तो शब्द बाजूला ठेवला की बाकीचं उलगडत जातं, फरदडीचंसुद्धा.

सवय एका जिवाला त्याच्या हयातीत लागते. मला तिखटाची सवय झाली, तुम्हाला पहाटे उठायची झाली. अळीच्या बाबतीत असं घडलं का, हे तपासायची सोपी रीत आहे आणि ती आम्ही वर्षानुवर्षं वापरत आलो आहोत. शेतातून किडकी बोंडं आणायची, त्यातल्या अळ्या काढायच्या, कोषात जाऊ द्यायच्या, पतंग निघाले की त्यांची अंडी घ्यायची. या अंड्यांतून निघालेल्या अळीने आयुष्यात बीटीचा कण पाहिलेला नसतो. केसाएवढी ती अळी बारीक कुंचल्याने उचलून कृत्रिम खाद्याच्या छोट्या डबीत सोडायची. काही डब्यांत साधं खाद्य, काहींत बीटीचं प्रथिन मिसळलेलं. मग साधारण तीन आठवडे थांबायचं.

सुरुवातीच्या वर्षांत विषाच्या डब्या उघडल्या की आत सुकलेल्या धाग्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसायचं, तीच अळी. वाढ जिथल्या तिथे थांबलेली. पुढे काही ठिकाणच्या नमुन्यांत असं होऊ लागलं की शंभरातल्या काही डब्या उघडल्या की आत टपोरी गुलाबी अळी खाद्य पोखरत बसलेली. तिला सवय लागायला वेळच मिळाला नव्हता. पहिल्या घासापासून विष तिच्या अंगाला लागतच नव्हतं. हा गुण ती आईबापांकडून घेऊन आली होती. सवय आणि वारसा यांतला फरक मला त्या डबीइतका स्वच्छ दुसऱ्या कशानेच समजावता आलेला नाही.

आता हा गुण नेमका काय, ते पाहू. बीटी कपाशीत जिवाणूकडून घेतलेला जीन असतो, तो एक प्रथिन बनवतो. 2002 मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीजी-1 मध्ये क्राय वन एसी हे एक प्रथिन होतं. 2006 मध्ये आलेल्या बीजी-2 मध्ये त्याच्या जोडीला क्राय टू एबी. अळीने पान किंवा बोंड खाल्लं की हे प्रथिन तिच्या आतड्याच्या पेशींवर जाऊन बसतं, पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते. पण ते बसायला जागा लागते. क्राय वन एसीसाठी ही जागा म्हणजे आतड्यातलं कॅडहेरिन नावाचं प्रथिन. किल्ली आणि कुलूप समजा. कॅडहेरिन बनवणारा जीन मोडला की कुलूपच बिघडतं आणि किल्ली फिरत नाही.

मग अळीने तोच जीन हेरून मोडला का? नाही. अंडी आणि शुक्रपेशी तयार होताना डीएनएची नक्कल केली जाते आणि नकलेत चुका राहतात. जुनी दस्तं हाताने उतरवून घेताना जशा राहायच्या, तशा. चूक कुठेही होऊ शकते. बहुतेकींचा कशावरच परिणाम होत नाही, काही जिवाला घातक ठरतात. कॅडहेरिनच्या जीनमध्येही अशा चुका बीटी यायच्या कितीतरी आधीपासून होत असणार. तेव्हा त्यांचा उपयोग नव्हता, म्हणून त्या क्वचित आढळायच्या. बीटीने या चुका घडवल्या नाहीत. त्या चुका असलेल्या अळ्या तेवढ्या जिवंत ठेवल्या आणि बाकीच्या मारल्या.

याचा एक भक्कम पुरावा आपल्याच देशातल्या अळ्यांनी दिला आहे. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या, क्राय वन एसीला दाद न देणाऱ्या अळ्यांचं कॅडहेरिन तपासलं, तेव्हा मोडलेल्या जीनचे आठ वेगवेगळे प्रकार सापडले. 2014 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. कुणात जीनचा तुकडा गळालेला, कुणात मध्येच 'इथे थांबा' असा संदेश घुसलेला. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या अळ्यांत याआधी मिळालेले प्रकार आणखी वेगळे. अळीला 'कळलं' असतं तर सगळ्यांनी एकच वाट धरली असती. इथे एकच कुलूप आठ ठिकाणी आठ तऱ्हांनी मोडलेलं दिसतं. आंधळ्या चुका आणि त्यांतून झालेली निवड, यांची खूण अशीच असते.

पुढचा प्रश्न वेळेचा. लाखो वर्षं लागतात हे तुमच्या पुस्तकातलं विधान मोठ्या बदलांबद्दल आहे. उत्क्रांतीचं घड्याळ पिढ्यांवर चालतं. गुलाबी अळीचं अंड्यापासून पतंगापर्यंतचं चक्र हंगामात जेमतेम महिन्याभराचं. एका हंगामात चार-पाच पिढ्या धरल्या तर 2002 पासून प्रतिकाराची नोंद होईपर्यंतच्या आठ हंगामांत बत्तीस ते चाळीस पिढ्या झाल्या. माणसाच्या हिशेबात पंचवीस वर्षांची एक पिढी धरा, म्हणजे चाळीस पिढ्यांना हजार वर्षं होतात. थेट शिलाहारांच्या काळात जाल. आणि या प्रत्येक पिढीत निवड किती कठोर होती! शंभरातल्या नव्याण्णवांहून अधिक मरायच्या. एवढी कठोर निवड निसर्गात क्वचित होते.

आता थोडं गणित. उत्तराचा गाभा त्यातच आहे. समजावण्यासाठी आकडे गृहीत धरतो. समजा जीनच्या हजार प्रतींत एक प्रत मोडलेली आहे. प्रत्येक अळीकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक जरी प्रत धड असली तरी कुलूप चालतं आणि अळी मरते. जगायला दोन्ही प्रती मोडक्या हव्यात. हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक अळी. ऐकायला फारच दुर्मीळ वाटतं. पण एकरात पाच हजार झाडं आणि झाडावर एकच अळी धरली तरी दोनशे एकरांत दहा लाख अळ्या होतात. म्हणजे तुमच्या एका गावच्या शिवारात ती एक असणारच. महाराष्ट्रात कापूस चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास असतो. तेव्हा प्रतिकारक अळी निघेल की नाही, हा प्रश्न कधी नव्हताच. ती पहिल्या दिवसापासून शिवारात होती.

खरा प्रश्न हा, की त्या एका अळीचा पतंग झाल्यावर त्याची सोयरीक कुणाशी होते?

शिवारात थोडी बिगर-बीटी कपाशी असेल तर तिच्यावर साध्या अळ्या हजारोंनी जगतात. त्या एका प्रतिकारक पतंगाची गाठ जवळजवळ नक्की साध्या पतंगाशी पडते. त्यांच्या पिल्लांत एक प्रत मोडकी, एक धड. बीटीच्या बोंडात गेली की ती मरतात. मोडकी प्रत तिथेच संपते. बिगर-बीटी झाड नसेल तर साधे पतंग उरतच नाहीत, प्रतिकारकाला प्रतिकारकच भेटतो आणि त्यांची सगळीच पिल्लं जगतात. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचं रेफ्युजीचं, म्हणजे बिगर-बीटी बियाण्याचं, पाकीट द्यायचे ते यासाठी. ते कडेने पेरायचं होतं. अळ्यांना त्यावर जगू द्यायचं होतं, यावर शेतकऱ्याचा विश्वास बसणं अवघड होतं, आणि तो का बसला नाही हे मला समजतं. ज्याच्याकडे चारच एकर आहेत त्याने त्यातला पाचवा हिस्सा अळीला का द्यावा? त्या पाकिटातलं बी कधी उगवायचं नाही, कधी मुख्य वाणाबरोबर फुलायचं नाही. बैठकांमध्ये आम्ही 'पट्टा पेरा' एवढंच सांगत राहिलो. सोयरिकीचा हा हिशेब फार कमी वेळा मांडला. तो मांडायला हवा होता, असं मला आजही मनापासून वाटतं.

हा हिशेब खरा आहे हे पाहायचं तर आपल्याच शेतातली दुसरी अळी बघा. अमेरिकन बोंडअळी, आपण जिला हिरवी किंवा घाटेअळी म्हणतो. 2002 च्या आधी कापसाची मुख्य शत्रू तीच होती. तिच्यावरही तेच बीटी, त्याच शेतात, तितकीच वर्षं. तरी गुलाबी अळीसारखी ती शिवारंच्या शिवारं हातची घालवेल अशी प्रतिकारक झाली नाही. कारण ती तुरीवर जगते, हरभऱ्याच्या घाट्यांत जगते, टोमॅटोवर जगते. तिथे बीटी नाही. म्हणजे तिच्यासाठी रेफ्युजी कुणी न पेरताच शिवारभर होती. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. जगाला या अळीची शास्त्रीय ओळखही 1843 मध्ये भडोचच्या कापसावरच्या नमुन्यांवरून झाली. कापूस हेच तिचं घर, आणि त्या घरातला जवळपास प्रत्येक कोपरा आपण बीटीने भरला. 2010 च्या सुमारास गुजरातेतल्या अमरेली भागातून बीजी-1 ला दाद न देणाऱ्या अळ्यांची नोंद झाली. काही वर्षांतच बीजी-2 ची तीच गत झाली आणि 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कापसाची जी नासाडी केली, ती तुम्ही लहान असताना घरातच पाहिली असेल.

बीजी-2 मध्ये दोन विषं असूनही ते इतक्या लवकर का गेलं? दुसऱ्या विषाचं कुलूप वेगळं आहे, तिथे एबीसीए2 नावाचा जीन मोडलेला आढळतो. दोन्ही कुलपं शाबूत असती तर दोन्ही बाजूंनी प्रतिकारक अळी मिळण्याची शक्यता दहा लाखांत एक गुणिले दहा लाखांत एक, म्हणजे लाख कोटींत एक. पण पहिलं कुलूप आधीच मोडत चाललं होतं. ज्या अळ्यांमध्ये ते मोडलं होतं, त्यांना दुसरंच काय ते विष अडवत होतं. लाख कोटींचा पहारा पुन्हा दहा लाखांवर आला.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही सांगतो. एक प्रत मोडकी असलेली अळी 'मरते' असं मी वर म्हटलं, ते झाडात विष भरपूर असेल तेव्हाच. कपाशी जुनी होत जाते तसं पानाबोंडांतलं प्रथिन कमी होतं. शिवाय आपल्याकडे बीटी संकरित वाणांत आहे आणि संकरित झाडाच्या बोंडात सरकीचे सगळे दाणे सारखे नसतात. मेंडेलचं तेच गणित: एका जीनपुरतं पाहिलं तर चारातल्या एका दाण्यात तो नसतोच. गुलाबी अळी दाणेच खाते. म्हणजे एकाच बोंडात एक दाणा विषारी, शेजारचा बिनविषारी. अशा अर्धवट मात्रेत एक मोडकी प्रत असलेल्या अळ्याही तग धरतात आणि मोडक्या प्रती झपाट्याने पसरतात.

म्हणून इतर देशांत याच अळीची गोष्ट वेगळी झाली. ॲरिझोनात शेतकऱ्यांनी बिगर-बीटी पट्टे नेमाने पेरले, पुढे विमानांतून अब्जावधी वंध्य पतंग सोडून जोड्याच निष्फळ केल्या आणि 2018 मध्ये अमेरिकेने तिथल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात आणखी वेगळं घडलं. तिथे शेतकरी बीटी आणि बिगर-बीटीच्या संकराचं दुसऱ्या पिढीचं बी पेरू लागले, त्यातली चारात एक झाडं आपोआप बिनबीटीची निघाली. वाढत चाललेला प्रतिकार त्यानंतर उतरला. साधे पतंग परत आले, आणि मोडक्या कुलपाचा अळीला बीटी नसताना थोडा तोटाही होतो, तो मदतीला आला. आपल्याकडे तसं उतरेल का? मोडक्या प्रती किती पसरल्या आहेत यावर ते ठरेल. शिवारात साधे पतंगच नाममात्र उरले असतील तर दोन-चार पट्ट्यांनी एका हंगामात फरक दिसणार नाही.

आता तुमचा सगळ्यात धारदार प्रश्न: अळी अळीच राहिली, मग उत्क्रांती कुठे झाली? उत्क्रांती म्हणजे समूहातल्या जीनच्या प्रतींचं प्रमाण पिढ्यांमागून पिढ्या बदलणं. एकही अळी बदलली नाही. जी मोडकी प्रत घेऊन जन्मली ती तशीच मेली, जी धड घेऊन जन्मली तीही तशीच. बदलला तो शिवारातला समाज. हे पूर्ण अर्थाने उत्क्रांती आहे. नवी जात मात्र झालेली नाही, कारण बीटीला न जुमानणारा पतंग आजही साध्या पतंगाशी जोडी जमवतो आणि त्यांना धडधाकट पिल्लं होतात. नव्या जातीसाठी ही सोयरीक तुटावी लागते.

ती कशी तुटू लागते, याचं एक उदाहरण देतो. उत्तर अमेरिकेत हॉथॉर्न नावाच्या झाडाच्या फळांत एक माशी अंडी घालायची. युरोपातून आलेल्या लोकांनी सफरचंद लावलं आणि 1860 च्या दशकात ती माशी सफरचंदातही सापडू लागली. या माश्या आपापल्या फळावरच जोडीदार शोधतात. सफरचंद आधी पिकतं, म्हणून त्यावरच्या माश्या आधी बाहेर पडतात. दोन घरांचे मुहूर्तच वेगळे, तेव्हा सोयरीक आपसूक कमी झाली. आज त्या दोन गटांच्या जीनमध्ये फरक मोजता येतो. अजून पूर्ण वेगळ्या जाती नाहीत, पण वाट धरलेली आहे. तुमच्या पुस्तकातली लाखो वर्षं अशा वाटेच्या पुढच्या टप्प्यांसाठी आहेत. पहिली पावलं माणसाच्या हयातीत दिसतात.

आणि आता फरदड. बाबांचं म्हणणं मी समजू शकतो. झाडं उभी आहेत, पाणी आहे, दोन वेचे जास्त निघाले तर तेवढेच पैसे. पण वरचं सगळं या शेतात आणून पाहा. जानेवारीतल्या कपाशीत विषाचं प्रमाण उतरलेलं असतं, म्हणजे एक मोडकी प्रत असलेली अळीही जगते. दुसरं, या अळीची उपासमार फक्त कापूस नसलेल्या महिन्यांत होते. डिसेंबरअखेर शेत मोकळं झालं तर सरकीत आणि पाल्यापाचोळ्यात सुप्तावस्थेत गेलेल्या अळ्यांतले बरेच पतंग कापूस नसताना बाहेर पडतात आणि अंडी घालायला जागा न मिळून मरतात, प्रतिकारक असोत की साधे. फरदड ठेवली की तिच्यासाठी हा पूल तयार होतो, आणि त्यावरून सगळ्यात कणखर अळ्या पुढच्या हंगामात जातात. एकट्या तुमच्या शेताचा हा प्रश्न नाही. पतंग बांध ओळखत नाही.

तेव्हा फरदड ठेवू नका. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून बांधावर रचून ठेवू नका, तुकडे करून जमिनीत गाडा किंवा खत करा. गावात जिनिंग असेल तर तिथेही कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लागले आहेत का ते विचारा, कारण सरकीच्या ढिगातूनच पतंग निघतात. पुढच्या हंगामात लवकर येणारा वाण घ्या आणि हंगामापूर्वीची पेरणी टाळा. फुलं लागली की डोमकळ्या शोधा. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या दिसतात, ती उघडली की आत अळी असते. तोडून नष्ट करा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा एकरातून तोडलेल्या 20 हिरव्या बोंडांत दोन किडकी निघाली, तरच फवारणीचा विचार करा. आणि दर वेळी तेच औषध मारू नका, औषधाचा गट बदला. बीटीचं जे झालं ते फवारणीच्या औषधाचंही होतं, त्याच हिशेबाने.

बोंडं मात्र बाबांसोबत बसून स्वतः फोडा. वरून निरोगी दिसणारं बोंड सोलल्यावर सालीच्या आतल्या बाजूला बारीक फोडासारखा उंचवटा दिसतो, अळी आत शिरल्याची ती खूण. तो बाबांना दाखवा आणि त्या अळीच्या आईबापांची गाठ कुठे पडली असेल, ते सांगून बघा.